जुनं घर, मागची भिंत आणि मोजके पैसे

१२ नोव्हेंबर २०२३

तिसऱ्यांदा घर बघून आलो. या वेळी मुद्दाम पाऊस सुरू असताना गेलो. कोरड्या दिवशी घर नीटनेटकंच दिसतं. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं हे पावसातच कळतं. पिशवीत बॅटरी, पेचकस, ओळंबा, काचेची एक गोटी आणि ही वही.

गोटी मधल्या खोलीत ठेवली तर हळूहळू मागच्या भिंतीकडे घरंगळली. दारं लागतात, फक्त एक झडप खाली घासते. माळ्यावर चढून बॅटरी फिरवली. कौलांतून चार ठिकाणी उजेड दिसला. वासे बहुतेक टणक आहेत. पेचकसाचं टोक रुतत नाही.

मागच्या खोलीत मात्र एकाच भिंतीला ताजा रंग होता. बाकीच्या तीन भिंती जुन्याच, फिकट. रंगाचा वास अजून येत होता. हात लावला तर भिंत गार लागली आणि खालच्या बाजूला, कमरेच्या थोडं खाली, रंगाला आत्ताच बारीक फोड आले होते. विकणाऱ्यांनी त्या भिंतीबद्दल काहीच सांगितलं नाही, आम्हीही त्यांच्यासमोर विचारलं नाही. घर पसंत आहे. पण किंमत ठरवण्याआधी ही भिंत समजून घ्यायला हवी.

१९ नोव्हेंबर २०२३

आज एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घेऊन गेलो. त्यांची फी द्यायची की नाही यावर दोन दिवस घरात चर्चा चालली होती. पैसे मोजके असतानाच ही फी जास्त महत्त्वाची, असं आता ठाम वाटतं.

त्यांनी तडे दोन गटांत लावले. गिलाव्यातले केसासारखे तडे सोडून द्यायचे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला एक तडा आहे, तीनेक मिलिमीटर रुंद, तो मात्र विटांतूनही गेलाय. तो जुना आहे आणि थांबलाय की अजून हलतोय, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवायची आणि तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते.

दुसरी गोष्ट मला दिसलीच नव्हती. मधल्या खोलीवरच्या तुळईचं एक टोक मागच्या भिंतीत बसलंय. त्यांनी पेचकस दाबला आणि तो चार बोटं आत गेला. हवा लागणारं, कोरडं राहणारं लाकूड सहसा कुजत नाही, ओल्या भिंतीत बंद झालेलं टोक आधी कुजतं. लाकडातली ओल वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढता येत नाही. म्हणजे तुळईचा आजारही त्याच भिंतीतून आलाय. गोटीही तिकडेच घरंगळली होती. आता सगळं एका भिंतीपाशी येऊन थांबतंय.

२६ नोव्हेंबर २०२३

दुरुस्त्यांची यादी विकणाऱ्यांपुढे ठेवली, इंजिनिअरांच्या सहीसकट. किंमत आम्हाला हवी होती तितकी नाही, पण उतरली. घासाघीस करण्यापेक्षा कागद पुढे ठेवणं सोपं गेलं, त्यांनाही आणि आम्हालाही.

रात्री हिशेब. नोंदणी, कर, वकील, सामान हलवणं हे सगळं आधीच बाजूला काढलं. उरले ते दुरुस्तीचे पैसे. त्यांचे शंभर भाग धरले:

छप्पर आणि बाहेरचं पाणी २५. तुळई आणि भिंती २०. नळ, सांडपाणी, संडास-न्हाणीघर १५. वायरिंग १२. दारं, फरशी, रंग मिळून ८. उरलेले २० कुलपात. त्यांना हात लावायचा तर दोघांनी बसून ठरवायचं, एकट्याने नाही.

दिसणाऱ्या कामांना फक्त आठ भाग ठेवताना वाईट वाटलं. मला त्या घराच्या खिडक्या फार आवडल्यात.

३० डिसेंबर २०२३

किल्ल्या मिळाल्या.

पहिलं काम म्हणून सगळे नळ बंद करून रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी आकडा पुढे गेलेला. म्हणजे कुठेतरी जमिनीखाली गळती आहे.

१४ जानेवारी २०२४

गळती सापडली. न्हाणीघराला जाणारा लोखंडी पाइप मागच्या भिंतीच्या बाहेरून, फरसबंदीखालून जातो. सांध्याशी गंजून भोक पडलेलं. पाइप कापून पाहिला तर आतून गंजाने इतका भरलाय की करंगळीही जाणार नाही. नळाची धार वाढवायला नुसती टाकी उंच करून काही उपयोग झाला नसता. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आपली टाकी तीन मीटरवर, म्हणजे मुळात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दाब. त्यात पाइप असा तुंबलेला. सगळी लाइन नवीन, आणि यापुढे ती भिंतीपासून लांब, उघडी, दिसेल अशी.

प्लंबर म्हणाले, "ताई, गळती थांबली, आता भिंत वाळेल." मी पण तेच धरून चालले होते.

४ फेब्रुवारी २०२४

भिंत वाळली नाही. म्हणजे पाणी आणखी कुठून तरी येतंय.

गेल्या आठवड्यात पावसाची एक सर आली. मी छत्री घेऊन मागच्या बाजूला उभी राहिले. पन्हळ मधोमध वाकलेली आहे. पाणी तिच्या टोकापर्यंत जातच नाही, मधूनच भिंतीच्या पायथ्याशी धबधबा कोसळतो. घरी येऊन गणित केलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. मागच्या पाख्याचं सपाट क्षेत्र पस्तीस चौरस मीटर. चाळीस मिलिमीटर पाऊस झाला की चौदाशे लिटर. तेवढं पाणी एका दिवसात, एकाच जागी, या भिंतीच्या पायाशी. आणि हे किती वर्षं चाललंय कोण जाणे. कोणत्याही जलरोधक रंगाने हे कसं थांबेल?

तरीही तीन जणांनी तीन वेगवेगळे रंग सुचवले. एकाने तर भिंतीला भोकं पाडून रसायन भरायचं सुचवलं, आणि त्याचा दर आमच्या छपराच्या खर्चाएवढा. पन्हळीकडे मान वर करून पाहिलं नाही कुणी.

११ फेब्रुवारी २०२४

आज खूप लिहायचंय.

वयाने मोठे एक गवंडी आले. चुन्याचं काम केलेली माणसं आता कमी उरलीत, दोन जणांकडून शोधत त्यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांनी आत न येता आधी घराला बाहेरून फेरी मारली. मागच्या बाजूला थांबले आणि पहारीने फरसबंदीचा एक तुकडा उचलला. खाली आणखी एक फरसबंदी. तिच्याखाली मातीचा थर, आणि मग मूळ अंगण. प्रत्येकाने आधीचं न काढता वर नवं ओतलंय. घराचं जोतं समोरून दीड फूट उंच आहे, मागून चार इंच उरलंय. आणि उतार भिंतीकडे.

मग आत आले. थापीच्या मुठीने गिलावा ठोकत गेले. कमरेपर्यंत डब डब आवाज, वर टणक. एक पोपडा ओढला तर हातभर तुकडा सुटून आला. पाठीमागची वीट काळपट, ओलीचिंब. गिलावा सिमेंटचा, चांगला इंचभर जाड. विटा मात्र चुन्यात बांधलेल्या.

"ताई," ते म्हणाले, "हा गिलावा भिंतीला नाही जपत, ओलीला जपतोय."

मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. चुन्याच्या जोडातून आणि जुन्या भाजलेल्या विटेतून ओल आत शिरते तशी बाहेरही जाते. हवा लागली की वाळते. त्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंट चढवलं की खालून आलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते वर चढतं, जिथे वाट मिळेल तिथपर्यंत. पाण्यासोबत जमिनीतले क्षारही चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून फुगतात, आणि तो फुगवटाच गिलाव्याला ढकलून पाडतो. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. दरवेळी कुणीतरी पोपडे काढून आणखी जाड, आणखी घट्ट थर दिला असणार, आणि ओल दरवेळी थोडी वर सरकली असणार. आज ती जमिनीपासून पंचाण्णव सेंटिमीटरवर आहे. पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली.

सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या टाकीचा पाया सिमेंटचाच होणार. पण पोर्टलँड सिमेंटचं पेटंट निघालं १८२४ साली. त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं चुन्यात बांधत होती, आणि त्या भिंतींचा स्वभाव वेगळा आहे. त्यांना जे मानवत नाही ते त्यांच्या अंगावर चढवलं गेलं.

ठरलं ते असं. पन्हळ बदलायची, खालचा उभा पाइप पाणी घरापासून दूर नेऊन सोडेल. मागची फरसबंदी सगळी उखडायची, जमीन आतल्या फरशीपेक्षा आठ इंच खाली न्यायची, उतार बाहेर. पायाच्या तळापर्यंत मात्र खणायचं नाही, नाहीतर ओल घालवताना घर खचेल. सिमेंटचा गिलावा दोन्ही बाजूंनी काढायचा. आणि मग थांबायचं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही, महिने. इंचाला एक महिना धरा."

भिंत चौदा इंची आहे.

३ मार्च २०२४

फरसबंदी उखडली. मजुरांबरोबर आम्ही दोघंही होतो, हाताला घट्टे पडलेत. निघालेल्या तुकड्यांतून परसातली पायवाट होईल.

एक कामाची गोष्ट कळली. न्हाणीघराची अर्धी भिंत पाडली, त्यातल्या चुन्यात बांधलेल्या विटा थापीच्या दोन टोल्यांत स्वच्छ सुटल्या आणि एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात. सिमेंटमध्ये जोडलेल्या विटा मात्र सांध्याऐवजी स्वतःच फुटल्या. साडेतीनशे विटा रचून ठेवल्यात. त्या विकत घ्यायला लागणार नाहीत.

न्हाणीघरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यात अॅस्बेस्टस असणार. त्यांना भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, घासायचं नाही. त्याचा धूळकण फुप्फुसात बसला की बाहेर येत नाही. पत्रे अखंड आहेत, म्हणून तूर्त तसेच. काढू तेव्हा पाणी मारून, अख्खे, आणि हे काम ज्यांना येतं त्यांच्याकडूनच.

१७ मार्च २०२४

छप्पर झालं. कौलं सगळी उतरवली नाहीत. फुटलेली बदलली, रिपा जिथे मऊ होत्या तिथे नव्या, दोन पाखी मिळतात तिथली पत्र्याची नळी पूर्ण नवी. माळ्यावरून बॅटरी विझवून पाहिलं, एकही उजेडाचा ठिपका नाही.

पंचवीस भागांपैकी तेवीस संपले.

२४ मार्च २०२४

आमच्या हातून एक चूक झाली आहे, ती लिहून ठेवते. जानेवारीत फरशीच्या लाद्या स्वस्तात मिळत होत्या म्हणून घेऊन टाकल्या. दारं, फरशी आणि रंग यांचे सगळे आठ भाग त्यात गेले. त्या अडीच महिने पुढच्या खोलीत रचून ठेवल्यात. प्रत्येक कामाला आड येतात, तीनदा हलवल्या, अकरा फुटल्या. आणि आज तुळईचा अंदाज आला तो वीसऐवजी सत्तावीस भागांचा. ते आठ हातात असते तर कुलपातल्या पैशांना हात लावायला लागला नसता. रात्री बसून ठरवलं, सात भाग काढले.

७ एप्रिल २०२४

तुळईचा खर्च वाढीव का निघाला ते: छताची फळी काढल्यावर तुळईच्या पोटाला, जवळजवळ मध्यावर, दोन इंच खोल खाच दिसली. कधीतरी पाइप न्यायला कुणीतरी पाडलेली. तुळईची उभी जाडी नऊ इंच. तिची ताकद या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. नवाचा वर्ग एक्याऐंशी, साताचा एकोणपन्नास. दोन इंच लाकूड गेलं तर ताकद साठ टक्क्यांवर येते, आणि खाच खालच्या बाजूला असेल तर आणखी वाईट, कारण भाराखाली तुळईचा तळ ताणला जातो आणि खाचेच्या कोपऱ्यातूनच लाकूड फाटायला लागतं. एवढी वर्षं त्या खोलीत माणसं झोपली.

आधी टेकू. खाली जाड फळ्या, वर फळ्या, मध्ये जॅक. दिवसाला अगदी थोडं उचलायचं, घाई केली तर वरच्या भिंतीला तडे जातात. मग कुजलेलं टोक टणक लाकूड लागेपर्यंत कापलं आणि इंजिनिअरांच्या नकाशाप्रमाणे दोन बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले, ते खाचेच्याही पलीकडेपर्यंत नेले. भिंतीत टोक बसतं तिथे खाली दगडाची बैठक आणि भोवती बोटभर पोकळी ठेवली. सुतारांनी ती पोकळी मसाल्याने बुजवायला घेतली होती, मी हात धरून थांबवलं. त्या टोकाला हवा हवी.

अख्खी तुळई बदलली असती तर छत उतरवावं लागलं असतं. तेवढे पैसे नव्हतेच.

५ मे २०२४

वायरिंग. घरात अर्थिंग नव्हतंच, सगळे पॉइंट दोन पिनांचे. जुन्या वायरवरचं रबर हाताने चुरडलं जात होतं. दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येकाचं वेगळं सर्किट, अर्थचा खड्डा नवा, आणि मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप तोडणारा स्विच. मागच्या भिंतीवर एकही चर खणू दिली नाही, तिथे पाइप उघडे भिंतीवरूनच नेले.

बाकी भिंतींतल्या चरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. पुढे खिळा ठोकताना हे फोटो कामाला येतील.

३० जून २०२४

मागची भिंत उघडी उभी आहे. दर रविवारी कोरड्या ब्रशने लोणा झाडते आणि सुपलीत भरून बाहेर टाकते. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं तर क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. पहिल्या महिन्यात सुपली भरायची, आता जेमतेम मूठभर निघतो.

रेघ: ७८ सेंटिमीटर.

आलेल्या पाहुण्यांना ती भिंत बघवत नाही. एका जवळच्या माणसाने सांगितलं की निदान एक पडदा तरी लाव. मी नाही लावला. हवा अडेल.

२२ सप्टेंबर २०२४

कोसळता पाऊस, सलग दोन दिवस. मागे जाऊन पाहिलं. पन्हळ भरून वाहतेय, पाणी उभ्या पाइपातून थेट लांबच्या चरीत. भिंतीच्या पायाशी जमीन ओली आहे, पण पाणी साचलेलं नाही. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

रेघ: ६१. पावसातही खाली आली.

१७ नोव्हेंबर २०२४

कळीचा चुना आणला. मिस्त्रींनी मला आधी दूर उभं केलं, डोळ्यांना चष्मा लावायला लावला. पिंपात पाणी आधी, चुना नंतर, थोडा थोडा. उलट केलं तर उसळून अंगावर येतो. बघता बघता पाणी उकळायला लागलं. आता हा तीन आठवडे पाण्याखाली मुरेल.

अजून भिंत पुरती वाळलेली नाही, मग आत्ताच गिलावा का, असं मी विचारलं. चुन्याचा गिलावा ओलीला अडवत नाही, म्हणून चालतं, असं त्यांनी सांगितलं. सिमेंटचा असता तर थांबावं लागलं असतं.

१५ डिसेंबर २०२४

एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू. पहिला थर जेमतेम एक सेंटिमीटर. जाड द्यायचा नाही, आकसून फाटतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत दगडासारखा होतो, आणि त्याला त्यासाठी वेळ आणि थोडी ओल दोन्ही लागतं. म्हणून ओली गोणपाटं टांगून भिंत सावलीत ठेवली आहे. आम्ही पाळीपाळीने पाणी शिंपडतो. दुसरा थर आठ दिवसांनी.

मिस्त्रींची थापी भिंतीवर फिरताना आवाज येत नाही. सिमेंटचं काम खरवडल्यासारखं ऐकू येतं, हे तसं नव्हतं.

९ फेब्रुवारी २०२५

खिडक्या. रंगाचे सहा-सात थर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. पाणी लावून पत्रीने खरवडलं, खाली प्लास्टिक अंथरलं, खरवड पिशवीत बांधून टाकली. दोन चौकटींच्या खालच्या पट्ट्या कुजलेल्या, तेवढ्याच कापून नव्या लाकडाचे सांधे दिले. बिजागऱ्या जुन्याच, तेल घातलं. या खिडक्या बदलून घ्या असं किती जणांनी सांगितलं.

२ मे २०२५

काचेची पट्टी अखंड आहे, सतरा महिने झाले. इंजिनिअर म्हणाले, तडा आता चुन्याने भरा.

लाद्या अखेर बसल्या. अकरा कमी पडल्या, तेवढी जागा कपाटाखाली ठेवली. कुलपातले चार भाग शिल्लक आहेत, ते न्हाणीघराच्या पत्र्यांसाठी.

मागच्या भिंतीला आज चुन्याची सफेदी. हात लावला, खोलीतल्या इतर भिंतींइतकीच गार. गिलाव्यानंतर रेघा नव्याने ओढत गेलो होतो, शेवटची सव्वीस सेंटिमीटरवर आहे. मिस्त्रींनी ब्रश थांबवून विचारलं, "ताई, या पेन्सिलच्या खुणा झाकू ना?"

कपाट भिंतीला टेकवायचं नाही, चार बोटं मोकळी सोडून उभं करायचंय. त्याच्यामागची तेवढी पट्टी तशीच ठेवा म्हटलं, तारखांसकट. पुढचं माप १ ऑगस्टला.